डबक्यातील जांभळे जंतू आणि हायड्रोजन

हायड्रोजन हे सर्व मूलद्रव्यांत हलके. हा वायू जळला म्हणजे धूर होत नाही, राख राहत नाही. केवळ पाणी तयार होते. वजनाच्या मानाने पाहिले तर त्यात पेट्रोलच्या अडीच पटींहून अधिक उष्णता साठविलेली असते. हे गुण पाहून पुष्कळांना तो उद्याचे इंधन वाटतो. परंतु पृथ्वीवर तो मोकळा फारसा सापडत नाही. पाणी, नैसर्गिक वायू अशा संयुगांतून तो सोडवून घ्यावा लागतो. आज जगात वर्षाकाठी साडेनऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो, आणि त्यातील बहुतेक सारा नैसर्गिक वायू व कोळसा यांच्यापासून काढला जातो. म्हणजे जळताना जो इतका स्वच्छ, तो निर्माण होताना मात्र आपल्या वजनाच्या कितीतरी पट कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडवितो.

अशा वेळी, साध्या डबक्यातील चिखलात राहणारे काही सूक्ष्म जंतू केवळ उन्हाच्या बळावर हायड्रोजन वायू सोडतात असे ऐकले, की कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. त्याबरोबरच दोन प्रश्न उभे राहतात. इतका मोलाचा वायू हे जंतू फुकट का घालवितात? आणि घालवीतच असतील, तर गेल्या पाऊणशे वर्षांत त्यावर माणसाच्या चुली का पेटल्या नाहीत? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते या जंतूंच्या नत्राच्या भुकेत आहे.

या जीवांना शास्त्रज्ञ जांभळे प्रकाशसंश्लेषी जंतू म्हणतात. तळी, डबकी, भातखाचरे, सांडपाण्याची कुंडे अशा ठिकाणी, जेथे पाणी स्थिर असते व प्राणवायू पोहोचत नाही, तेथे त्यांची वस्ती असते. पाण्याच्या वरच्या थरातील हिरवी शेवाळे डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषून घेतात. त्यांच्यातून निसटून जे किरण खाली झिरपतात, त्यांत ८०० ते ९०० नॅनोमीटर लांबीचे, आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. त्या उरल्यासुरल्या किरणांवर हे जंतू आपला प्रपंच चालवितात. युट्रेख्ट येथे काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ साली सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशाचा वर्णपट पाडून पाहिला, तेव्हा हे जंतू नेमके त्या अदृश्य पट्ट्यात जाऊन गोळा झालेले त्यांना आढळले.

झाडे आणि हे जंतू यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. झाड पाण्याचे विघटन करते आणि त्यातील प्राणवायू हवेत सोडते. जांभळ्या जंतूंना पाणी फोडण्याइतके सामर्थ्य नाही. त्यांना लागणारे इलेक्ट्रॉन ते अन्य पदार्थांतून मिळवितात. कोणी गंधकाच्या संयुगांतून, तर कोणी कुजणाऱ्या पदार्थांत आढळणाऱ्या लॅक्टिक, ॲसेटिक, मॅलिक अशा आम्लांतून. म्हणून त्यांच्या प्रकाशसंश्लेषणात प्राणवायू निर्माण होतच नाही. ही गोष्ट कॅलिफोर्नियातील व्हान नील यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात निबंधात स्पष्ट केली. प्राणवायूचा हा अभाव पुढील कथेत फार महत्त्वाचा आहे, एवढे येथे लक्षात ठेवावे.

हायड्रोजनचा शोध लागला तो अमेरिकेतील सेंट लुईस शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात. तेथे डॉ. मार्टिन कामेन आणि त्यांचे विद्यार्थी हॉवर्ड गेस्ट काम करीत होते. कामेन यांचे नाव शास्त्रजगतात आधीच झालेले होते. १९४० साली त्यांनी सॅम रूबेन यांच्यासह कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन शोधून काढला होता. पुराणवस्तूंचे वय आज त्याच्याच साहाय्याने ठरविले जाते. परंतु महायुद्धाच्या काळात रशियन वकिलातीतील अधिकाऱ्यांबरोबर घेतलेल्या एका भोजनाचे निमित्त होऊन त्यांच्यावर संशय घेण्यात आला, आणि १९४४ साली बर्कली येथील प्रयोगशाळेतून त्यांना दूर करण्यात आले. १९४५ साली सेंट लुईसच्या विद्यापीठाने त्यांना जागा दिली. १९४८ साली अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे त्यांना उभे राहावे लागले, आणि परदेशगमनाचा परवाना मिळावयास तर १९५५ साल उजाडले. अशा छायेत हा मनुष्य डबक्यातील जंतूंचा अभ्यास करीत होता.

गेस्ट ज्या जंतूवर प्रयोग करीत होते त्याचे नाव रोडोस्पिरिलम रुब्रम. नावाप्रमाणेच हा तांबडा व मळसूत्रासारखा पिळदार असतो. प्रकाशात वाढताना हा जंतू फॉस्फरसचा उपयोग कसा करतो, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. जंतूंना नत्र मिळावे म्हणून अन्नद्रवात सामान्यतः अमोनियाचे क्षार घालतात. येथे मात्र ग्लुटामिक आम्ल हे नत्रयुक्त द्रव्य घातलेले होते. हे द्रावण उजेडात ठेवले असता त्यातून बुडबुडे येऊ लागले. तपासाअंती तो वायू हायड्रोजन ठरला. दिवा मालवला की बुडबुडे जवळजवळ थांबत, लावला की पुन्हा सुरू होत.

बुडबुड्यांकडे दुर्लक्ष करून फॉस्फरसचा मूळ प्रयोग पुढे चालविता आला असता. परंतु गुरुशिष्यांनी बुडबुड्यांचाच पाठपुरावा केला. त्यात त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. काचपात्रात हेलियम वायू भरला म्हणजे जंतू हायड्रोजन सोडीत. तेथे नत्रवायू भरला म्हणजे हायड्रोजन बंद होई. अमोनिया घातला तरी तसेच होई. अमोनियाचे एक समजण्यासारखे होते. पण नत्रवायू हा तर स्वभावतः निष्क्रिय वायू. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग तोच आहे, आणि श्वासाबरोबर आत जाऊन तो तसाच बाहेर येतो. असा वायू या जंतूच्या व्यवहारात ढवळाढवळ करतो, याचा अर्थ जंतू त्याचा काहीतरी उपयोग करीत असला पाहिजे. कामेन व गेस्ट यांनी अनुमान काढले, की हा जंतू हवेतील नत्र पकडून त्याचे अन्न बनवितो. १९४९ च्या जून महिन्यात ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्यांची दोन लहान टिपणे प्रसिद्ध झाली. पहिले हायड्रोजनविषयी आणि दुसरे नत्रस्थिरीकरणाविषयी. विस्कॉन्सिन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी नत्राचा जड समस्थानिक वापरून त्याच वर्षी हे अनुमान खरे असल्याचे दाखविले.

नत्रस्थिरीकरण हा शब्द शेतकरी समाजाला अपरिचित नाही. ताग, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर ज्या लहान गाठी दिसतात, त्यांतील जंतू हेच कार्य करतात, आणि म्हणूनच अशी पिके जमिनीचा कस राखतात. नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ते सोडवून अमोनिया बनविण्यासाठी कारखान्यात चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब वापरावा लागतो. जंतू तेच काम चिखलाच्या थंडाव्यात करतो. त्याचे साधन म्हणजे नायट्रोजिनेज हे विकर. विकर म्हणजे जीवपेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. लोह, गंधक आणि अल्पसे मॉलिब्डेनम यांनी घडलेला एक लहानसा गाभा त्यात असतो व नत्राची गाठ तेथे सुटते.

मात्र या कामाची किंमत फार मोठी आहे. पेशी आपली शक्ती एटीपी नावाच्या रेणूंत साठविते. संसारात जसा पैसा, तसा पेशीत एटीपी. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करण्यासाठी जंतूला १६ एटीपी आणि ८ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. त्या आठांपैकी अमोनियाच्या पदरी सहाच पडतात. उरलेले दोन हायड्रोजनचा एक रेणू बनून निघून जातात. ही गळती विकराच्या रचनेतच आहे. परिस्थिती कितीही अनुकूल असली तरी ती टळत नाही. एरवी ती नजरेस येत नाही, कारण जंतूजवळ आणखी एक विकर असते, आणि ते निसटणारा हायड्रोजन पकडून परत कामाला लावते.

आता पात्रातील नत्रवायू काढून घेतला तर काय होईल? विकर तयार आहे, प्रकाशामुळे एटीपीचा पुरवठा चालू आहे, इलेक्ट्रॉनही येत आहेत. पण ज्याच्यावर काम करावयाचे तो नत्रच नाही. जात्यात दाणे संपले तरी जाते फिरत राहावे, तसे हे विकर फिरत राहते, आणि आठच्या आठ इलेक्ट्रॉन हायड्रोजनमध्ये जातात. त्याच १६ एटीपींत, जेथे हायड्रोजनचा एक रेणू मिळत होता तेथे चार मिळतात. सेंट लुईसच्या बुडबुड्यांचे रहस्य हे असे आहे. उलट अमोनिया मिळाला, की जंतूला नत्राची चिंता उरत नाही. तो हे खर्चिक विकर काही मिनिटांतच थांबवितो व नवे बनविणेही बंद करतो. ग्लुटामिक आम्लातून त्याला जगण्यापुरते नत्र मिळते, पण भूक पूर्ण भागत नाही. म्हणून विकर चालू राहते. पुढे १९७५ च्या सुमारास गेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जांभळ्या जंतूंचे असे वाण तपासले, की ज्यांची नत्र पकडण्याची शक्ती नष्ट झालेली होती. त्यांतून प्रकाशात हायड्रोजनही निघेना. दोन्ही कामे एकाच विकराची आहेत, याचा तो पुरावा ठरला.

पण हा सारा जंतूच्या दृष्टीने अपव्ययच आहे काय? तसे सर्वस्वी म्हणता येणार नाही. आम्लांवर जगताना पेशीत इलेक्ट्रॉनांची गर्दी होते, आणि त्यांना कोठेतरी वाट करून द्यावी लागते. वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल येथे कॅरोलिन हारवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस या जांभळ्या जंतूवर केलेल्या अभ्यासावरून दिसते, की हे जादा इलेक्ट्रॉन जंतू एरवी कार्बन डाय-ऑक्साइडवर खर्च करतो. आणि ती वाट अडली तर हायड्रोजनची वाट त्याच्या उपयोगी पडते. भरलेल्या धरणाला सांडवा असावा, तशी ही योजना आहे.

प्रकाश आणि नत्रस्थिरीकरण यांची सांगड घालणारे आणखी एक कूळ आहे. ते म्हणजे नीलहरित शेवाळे. नाव शेवाळांचे असले तरी तेही जंतूच. भातखाचरांत नत्राची भर यांच्यामुळे पडते, हे भारतीय शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले होते. हे जीव झाडांप्रमाणे पाणी फोडतात, आणि तेथेच त्यांची अडचण सुरू होते. पाण्यातून निघणारा प्राणवायू नायट्रोजिनेजला मारक असतो. ॲनाबीना या जातीने त्यावर उपाय शोधला आहे. मण्यांच्या माळेसारख्या तिच्या तंतूत दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी जाड भिंतीची होते, प्राणवायू निर्माण करणे सोडून देते, आणि केवळ नत्र पकडण्याचे काम पत्करते. १९७४ साली बेनेमान व वेअर यांनी कॅलिफोर्नियात हा जीव आर्गॉन वायूत ठेवून दाखविले, की तो एकाच वेळी हायड्रोजन व प्राणवायू सोडतो. पाणी आणि ऊन एवढ्याच भांडवलावर इंधन! परंतु हे दोन वायू एकत्र आले की स्फोटक मिश्रण होते, आणि हायड्रोजनचे प्रमाणही अल्प राहते. जांभळ्या जंतूंना प्राणवायूची ही बाधा नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळते.

त्यांच्याविषयी वाटणाऱ्या आशेला एक सुंदर हिशेब आधार देतो. साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर, अंधारात वाढणारे आंबवणारे जंतू एका रेणूमागे फार तर ४ रेणू हायड्रोजन देतात आणि ॲसेटिक आम्लाचे २ रेणू मागे टाकतात. जांभळ्या जंतूंना हे आम्ल दिले, तर प्रकाशात प्रत्येकापासून ४ याप्रमाणे आणखी ८ रेणू मिळू शकतात. एकूण १२, म्हणजे साखर आणि तिच्याबरोबर खर्ची पडणारे पाणी यांतून निघू शकणारा सगळा हायड्रोजन. हे दोन टप्पे जोडण्याचा मोठा प्रयत्न युरोपात २००६ ते २०१० या काळात ‘हायव्होल्यूशन’ नावाच्या योजनेत झाला. साखर कारखान्याच्या मळीसारखे पदार्थ त्यात वापरण्यात आले. त्यापूर्वी व त्यानंतरही अंकारा येथील विद्यापीठात उघड्या उन्हात नळ्या मांडून प्रयोग झाले. २००७ साली हारवुड यांच्या गटाने असे वाण मिळविले, की ते अमोनिया असतानाही हायड्रोजन देत राहते. त्याच वर्षी रंगलेपासारख्या पातळ पापुद्र्यात जंतू बसवून, त्यांना वाढू न देता, ४,००० तासांहून अधिक काळ हायड्रोजन मिळविण्यात यश आले. निसटता हायड्रोजन परत पकडणारे विकर काढून टाकलेले वाणही तयार झाले आहेत.

एवढे सारे झाल्यावरही चूल का पेटली नाही, याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. चांगल्या प्रयोगांत एक लिटर जंतुद्रवातून ताशी २० ते १०० मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. उदाहरणासाठी ५० मिलिलिटर धरू. दहा तासांच्या उन्हात अर्धा लिटर झाला. एक किलो हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला सुमारे १२,००० लिटर जागा व्यापतो. तेव्हा रोज एक किलो हवा असेल तर २४,००० लिटर द्रव लागेल. हे जंतू गर्दीत एकमेकांवर सावली धरतात, म्हणून द्रवाचा थर उथळ ठेवावा लागतो. तो ५ सेंटिमीटर धरला तर ४८० चौरस मीटर, म्हणजे पावणेपाच गुंठे जागा लागली. तीही हवाबंद, पारदर्शक आच्छादनाखाली. एवढ्या एक किलोत हायड्रोजनवर चालणारी मोटार सुमारे १०० किलोमीटर जाईल. त्याच जागेवर सौरविजेच्या पट्ट्या बसवून त्या विजेने पाण्याचे विघटन केले, तर रोज सात-आठ किलो हायड्रोजन निघू शकेल. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठरविले. त्यात मुख्य भर विजेवर आहे याचे कारण असल्या हिशेबातच आहे.

या तोकडेपणाचे मूळ पुन्हा नत्राच्या भुकेपाशीच जाते. नायट्रोजिनेज हे अमोनिया करण्यासाठी घडलेले यंत्र आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूमागे ते ४ एटीपी घेते, आणि तेही सावकाश काम करते. जंतूला नत्र भरपूर दिले तर तो जोमाने वाढतो, पण वायू देत नाही. उपाशी ठेवले तर वायू देतो, पण वाढत नाही. शिवाय ज्या सांडपाण्यावर त्याला पोसावयाचे, त्यात बहुधा अमोनिया असतोच. वाण सुधारून यांतील एकेक अडसर थोडा सरकविता आला आहे. सगळे एकत्र दूर झालेले नाहीत.

तरीही या जंतूंच्या अभ्यासाने जे हाती आले ते थोडे नाही. विकराची ती अटळ गळती केवळ डबक्यात नाही, शेतातही आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतून हायड्रोजन निघतो हे १९५७ साली दिसून आले. १९७६ साली शुबर्ट आणि इव्हान्स यांनी दाखविले, की अनेक द्विदल पिकांत नत्र पकडण्यासाठी खर्चिलेल्या शक्तीचा मोठा भाग या मार्गाने वाया जातो, आणि ज्यांच्या गाठींतील जंतूंपाशी हायड्रोजन परत पकडणारे विकर आहे त्यांत ही हानी टळते. म्हणजे इंधन शोधणाऱ्याला जे विकर नकोसे आहे, तेच शेतकऱ्याला हवेसे आहे. एकाच क्रियेचे ज्ञान दोघांच्या उपयोगी पडते.

जंतूंपासून हायड्रोजन मिळाल्याची वार्ता वर्तमानपत्रांत अधूनमधून येते, आणि पुढेही येईल. ती वाचताना तीन प्रश्न मनात ठेवावेत. प्रयोग दिव्याखाली झाला की उघड्या उन्हात? वायू किती तास निघाला, की किती महिने? आणि जंतूंना खाद्य म्हणून शुद्ध रसायन दिले, की खरोखरीचे सांडपाणी? या तीन प्रश्नांना ज्या दिवशी समाधानकारक उत्तरे मिळतील, त्या दिवशी साखर कारखान्याच्या किंवा दूधडेअरीच्या मागील अंगणात तांबूस पाण्याच्या नळ्या मांडलेल्या दिसू शकतील. सांडपाणी स्वच्छ करता करता थोडे इंधन मिळविणे, एवढे काम या जंतूंना झेपण्यासारखे आहे. साऱ्या देशाच्या मोटारी चालविण्याचा भार मात्र त्यांच्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही.

मार्टिन कामेन यांना अमेरिकन सरकारने १९९५ सालचे एन्रिको फर्मी पारितोषिक देऊन गौरविले, तेव्हा त्यांचे वय ८० च्या पुढे गेले होते. ज्या शासनाने त्यांच्यावर अविश्वास दाखविला होता, त्यानेच हा सन्मान केला. २००२ साली त्यांचे निधन झाले, आणि २०१२ साली हॉवर्ड गेस्ट यांचेही. नत्राच्या भुकेने हायड्रोजन सोडणाऱ्या त्या तांबड्या जंतूवरील काम अनेक देशांतील प्रयोगशाळांत आजही चालू आहे.